खंडग्रास ते खग्रास : मालेविचचा ‘मॉस्कोतला इंग्रज’

प्रश्न चित्रकलेच्या एका विद्यार्थ्याचा आहे. रशियन चित्रकार काझिमिर मालेविचचं १९१४ सालचं ‘मॉस्कोतला इंग्रज’ हे चित्र कोलाज समजायचं की तैलचित्र? त्यात मासा, चमचा, करवत, शिडी, मेणबत्ती अशी भाऊगर्दी कशासाठी? आणि इतकं गच्च चित्र काढणारा माणूस पुढच्याच वर्षी नुसत्या एका काळ्या चौकोनावर कसा काय आला?

चित्राबद्दलचे प्रश्न तीन दिसत असले तरी माझ्या मते एकच आहे. यातून सराव कसा करायचा हेही त्याने शेवटी विचारलंय, तेही शेवटी सांगतो. तीसेक वर्षं मी कोलाज करतोय आणि शिकवतोय. वर्गात दरवर्षी या चित्रापाशी थांबावंच लागतं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिल्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकतो. हे तैलचित्र आहे. कॅनव्हासवर तैलरंग, उंची ८८ सेंटिमीटर, रुंदी ५७. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात ते आहे. पुस्तकात पाहिलं की भिंतभर असेल असं वाटतं. प्रत्यक्षात जुन्या घरातल्या खिडकीच्या एका झडपेएवढं. तरी ते बघून ‘कोलाज’ म्हणावंसं वाटत असेल तर तुमचा डोळा चुकलेला नाही. आपल्याकडे कोलाजला ‘चिकटचित्र’ म्हणतात आणि त्या शब्दाने सगळं लक्ष गोंदाकडे जातं. गोंद हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग. एकमेकांशी काही देणंघेणं नसलेल्या दोन गोष्टी एकीवर एक ठेवायच्या आणि खालची किती दिसू द्यायची हे ठरवायचं, हे खरं काम. ते कात्रीने होतं तसं ब्रशनेही होतं.

आता चित्रात काय आहे ते बघू. काळी टॉप हॅट घातलेला एक माणूस समोर बघत उभा आहे. त्याच्या अर्ध्या तोंडावर एक पांढरट मासा उभा येतो. जवळजवळ माणसाच्याच मापाचा. त्याच्याजवळ एक चर्च आहे, पण ते खेळण्याएवढं. लाल लाकडी चमचा, तलवार, कात्री, करवत, शिडी, बाण, पेटती मेणबत्ती. आणि या सगळ्यातून रशियन अक्षरं विखुरलेली. काही मोठी, काही बारीक, शब्द मधेच तुटलेले. जुळवून वाचली तर एकीकडे ‘घोड्यांच्या शर्यतींची सोसायटी’ अशा अर्थाचे शब्द निघतात आणि दुसरीकडे ‘अंशतः ग्रहण’.

रशियनमध्ये ते दोन शब्द जरा कोरडे आहेत. मराठीत आपल्याकडे त्याला एकच शब्द आहे आणि तो या चित्रावर फार नेमका बसतो : खंडग्रास. घास घेतलाय, पण पुरता नाही. त्या इंग्रजाच्या तोंडाचं माशाने नेमकं तेच केलंय. एक डोळा बाहेर, एक आत. माशाच्या अंगावर पुन्हा दुसरं काहीतरी येतं, चर्च त्याच्या आडून डोकावतं. चित्रात असं कोपऱ्याकोपऱ्यात चाललंय. जो तो कुणाला तरी झाकतोय आणि स्वतःही झाकला जातोय. तेव्हा ‘खंडग्रास’ हा शब्द मी तरी मालेविचने चित्रातच लिहून ठेवलेली कृती म्हणून वाचतो. स्वयंपाकाच्या पुस्तकात असते तशी कृती.

ग्रहणही खरंच होतं. २१ ऑगस्ट १९१४ रोजी सूर्यग्रहण झालं. खग्रास पट्टा मिन्स्क आणि कीव्हवरून क्रिमियाकडे गेला. मॉस्को पट्ट्याच्या बाहेर, म्हणून तिथे खंडग्रास. महायुद्ध सुरू होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. पण मालेविचचं सूर्याशी वाकडं त्याआधीचं. डिसेंबर १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लुना पार्क नाट्यगृहात ‘सूर्यावर विजय’ नावाचा एक ऑपेरा झाला. संगीत मात्यूशिनचं, संहिता कवी क्रुचोनिखची, प्रस्तावना कवी ख्लेबनिकोव्हची, पडदे आणि पोशाख मालेविचचे. कथानक विचाराल तर बलदंड माणसं सूर्याला पकडून कोंडून टाकतात. सूर्य म्हणजे जुनी समज, जुना उजेड, ज्यात सगळं ‘नीट दिसतं’ तो. त्या पडद्यांपैकी एकावर तिरपा दुभागलेला चौकोन होता, अर्धा काळा, अर्धा पांढरा. तो लक्षात ठेवा, पुढे लागेल.

क्रुचोनिखच्या मंडळींनी एक भाषा काढली होती, रशियनमध्ये तिला ‘झाऊम’ म्हणत. बुद्धीच्या पलीकडची. ‘दिर बूल श्चिल’ अशी सुरू होणारी त्याची कविता १९१३ मध्ये छापली गेली. कुठल्याच भाषेत तिला अर्थ नाही, उच्चारताना मात्र दात-ओठ चांगले कामाला लागतात. मालेविचला हेच चित्रात हवं होतं. त्याने १९१३ मध्ये फळीच्या तुकड्यावर व्हायोलिन काढलं आणि त्याच्यावर मधोमध एक गाय. अगदी शाळेच्या तक्त्यावर असते तशी, चार पाय, शिंगं, शांत. व्हायोलिन घनवाद्यांच्या, म्हणजे वस्तूचे तुकडे करून अनेक बाजू एकदम दाखवणाऱ्या क्युबिस्ट चित्रकारांच्या, पद्धतीने चिरफाड केलेलं, गाय अख्खी. फळीच्या मागे त्याने लिहून ठेवलं की तर्काविरुद्धच्या लढ्यातला हा एक क्षण आहे. मला त्या लिहिण्यापेक्षा गाय जास्त पटते. पॅरिसहून आलेल्या इतक्या प्रतिष्ठित वाद्यावर तिला उभं करायला तब्येत लागते.

पॅरिसची गोष्ट निघालीच आहे तर कोलाजचा जन्म दोन वाक्यांत. मे १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणीचं छापील चित्र असलेलं मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं आणि भोवती दोर गुंडाळला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचा सोबती चित्रकार ब्राकने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद कापून चित्रात लावला. मॉस्कोला हे वारं पोचायला वेळ लागला नाही. शुकिन या कापडाच्या व्यापाऱ्याच्या वाड्यात पिकासोची पन्नासेक कामं होती आणि तो ती लोकांना पाहू देई.

मग मालेविच चिकटवायचं सोडून रंगवत का बसला? येत नव्हतं म्हणून नक्कीच नाही. त्याच सुमाराला त्याने चिकटवण्याचीही कामं केली आहेत. ‘राखीव दलाचा शिपाई’ या चित्रात, जे आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे, खरा थर्मामीटर आहे आणि टपालाचं तिकीट आहे. दुसऱ्या एका चित्रात मोनालिसाचं छापील चित्र चिकटवून तिच्या चेहऱ्यावर आणि छातीवर लाल फुल्या मारल्यात. शेजारी वर्तमानपत्राचा कपटा, छोट्या जाहिरातीतला, आपल्याकडच्या ‘जागा देणे आहे’ छापाचा. मूळ मोनालिसा १९११ मध्ये लूव्हरमधून चोरीला गेली होती आणि डिसेंबर १९१३ मध्ये सापडली होती. तेव्हा ‘जागा रिकामी’ हा विनोद त्या वेळच्या माणसाला लगेच कळला असणार. शिवाय याही चित्रात ‘खंडग्रास’ आहेच. आणि फ्रेंच चित्रकार ड्युशाँने मोनालिसाला मिशा काढल्या त्या १९१९ मध्ये, हेही सांगून ठेवतो, कारण वर्गात नेहमी उलटं गृहीत धरलेलं असतं.

मला वाटतं रंगवण्याचं कारण मापात आहे. कागद चिकटवताना वस्तू जेवढी असते तेवढीच घ्यावी लागते. तिकीट तिकिटाएवढं, कपटा कपट्याएवढा. ब्रशने काढताना मासा माणसाएवढा करता येतो, चर्च मुठीएवढं करता येतं, आणि दोघं शेजारी. दुसरं, प्रत्येक वस्तूची रंगवण्याची रीत वेगळी ठेवता येते. ‘इंग्रजा’त मासा गोलाई देऊन, छायेसकट रंगवलाय, अक्षरं पाटीवरची, सपाट, भोवतीचे मोठे तुकडे घनवादी. एका चित्रात तीन-चार चित्रकार काम करून गेल्यासारखं वाटतं. तिसरं कारण मॉस्कोच्या रस्त्यांवर होतं. तिथल्या दुकानांच्या पाट्यांवर माल रंगवलेला असे, कारण गिऱ्हाइकाला वाचता येईलच असं नसे. रस्त्याच्या टोकाला उभं राहून अशा पाट्यांकडे पाहिलं तर अक्षरं, वस्तू, घुमट एकमेकांवर चढून आपोआप असलं चित्र तयार होणार. त्या पिढीच्या रशियन चित्रकारांना या पाट्यांचं आणि लोकचित्रांचं वेड होतं. मालेविच तर कीव्हकडच्या खेड्यांत वाढलेला; वडील साखर कारखान्यांत नोकरीला, आणि शेतकरी बायामाणसं चुली आणि भिंती रंगवायची ते पाहत त्याचं बालपण गेलं. पुढे कुर्स्कमध्ये रेल्वेच्या कचेरीत आरेखकाची नोकरी. सपाट रंग आणि नेमकी कड या दोन गोष्टी त्याने कुठल्या अकादमीत शिकायची गरज नव्हती.

चौथं कारण आमच्या धंद्यातलं. वर्तमानपत्राचा कागद टिकत नाही. लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यात आम्ल राहतं, उजेडाने तो पिवळा आणि मग तपकिरी होतो. पॅरिसच्या त्या पहिल्या कोलाजांमधले कागद आज मूळ रंगाचे राहिलेले नाहीत. माझी स्वतःची सुरुवातीची कामं चहाच्या रंगाची झाली आहेत आणि फेविकॉल जिथे जास्त लागला तिथे सुरकुत्या. रंगवलेल्या कपट्याला हे दुखणं नाही. मालेविचने हा हिशेब केला असेल असा माझा दावा नाही. पण तुम्ही करा.

वस्तूंच्या अर्थाबद्दल आता. इंटरनेटवर तुम्हाला कोष्टकं सापडतील : मासा म्हणजे ख्रिस्त, मेणबत्ती म्हणजे श्रद्धा, शिडी म्हणजे स्वर्गारोहण. चर्च, मेणबत्ती आणि मासा एकत्र आल्यावर धर्म आठवणारच, आठवू द्या. पण मार्च १९१५ मध्ये पेट्रोग्राडला (सेंट पीटर्सबर्गचंच तेव्हाचं नाव) ‘ट्राम व्ही’ या नावाचं प्रदर्शन भरलं तेव्हा मालेविचने आपल्या काही चित्रांपुढे यादीत छापायला लावलं की चित्रांचा आशय चित्रकाराला ठाऊक नाही. हा वात्रटपणा होता आणि प्रामाणिकपणाही. तेव्हा कोष्टक भरत बसू नका.

एका वस्तूबद्दल मात्र पक्की गोष्ट सांगता येते : चमचा. फेब्रुवारी १९१४ मध्ये मालेविच आणि त्याचा चित्रकार मित्र मोर्गुनोव्ह हे दोघं मॉस्कोच्या कुझनेत्स्की मोस्त या भारी दुकानांच्या रस्त्यावर कोटाच्या काजात लाकडी चमचे खोचून फिरले. काजात फूल खोचायची श्रीमंतांची पद्धत. यांनी शेतकऱ्याच्या कालवणातला चमचा खोचला. त्याच महिन्यात एका सभेत मालेविचने आपण बुद्धीचा त्याग करतो असं जाहीर केलं. म्हणजे चित्रातला लाल चमचा हे प्रतीक कमी आणि हजेरी जास्त. ‘मीही इथे होतो’ असं.

आणि इंग्रज? टॉप हॅट म्हणजे परका. ज्याला पाट्या वाचता येत नाहीत असा माणूस मॉस्कोच्या चौकात उभा केला की त्याला शहर असंच दिसणार. मासा दिसेल, चमचा दिसेल, अक्षरांचे आकार दिसतील, पण वाक्य लागणार नाही. आपल्याला रशियन येत नसेल तर चित्रापुढे आपणही तोच इंग्रज. म्हणून मी वर्गात आधी भाषांतर सांगत नाही. दहा मिनिटं मुलांना नुसतं बघू देतो.

आता काळा चौकोन. डिसेंबर १९१५ मध्ये पेट्रोग्राडला नादेझ्दा दोबिचिना यांच्या दालनात ‘शून्य-दहा’ हे प्रदर्शन भरलं. शेवटचं भविष्यवादी (फ्यूचरिस्ट) प्रदर्शन असं त्याचं स्वतःचंच म्हणणं. मालेविचची तिथे ३९ कामं होती, कशातही मासा नाही, चमचा नाही. काळा चौकोन भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात टांगलेला. रशियन घरात त्या कोपऱ्यात देवाची तसबीर असते, म्हणून पाहणाऱ्याला नुसत्या जागेनेच धक्का बसला. चित्र ७९.५ सेंटिमीटरचं, चारी बाजू जवळजवळ सारख्या. ‘जवळजवळ’ म्हणतो कारण पट्टी लावून पाहिलं तर एकही बाजू दुसरीला नीट समांतर नाही.

लोक म्हणतात, भरगच्च चित्रावरून रिकाम्या चित्रावर उडी मारली. मला ती उडी दिसत नाही. ‘इंग्रजा’त एक वस्तू दुसरीला झाकते, पण कुणीच कुणाला पुरतं झाकत नाही. ‘राखीव दलाच्या शिपाया’त एक मोठा निळा चौकोन चित्राच्या मध्यावर येऊन बसलाय, वस्तू कडेला ढकलल्या गेल्यात. झाकणारा सपाट आकार मोठा होत चाललाय. तो आणखी मोठा केला, रंग काढून घेतला आणि सगळ्यावर ठेवला की खंडग्रास संपून खग्रास होतं. कडेला पांढरी चौकट उरते, चंद्राभोवती उजेडाची कड उरते तशी.

हे मी वर्षानुवर्षं नुसतं अंदाजाने शिकवत होतो. २०१५ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयाने या चित्राच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. काळ्याच्या खाली एक नाही, दोन चित्रं आहेत : तळाला घनवादी-भविष्यवादी रचना, म्हणजे ‘इंग्रजा’च्या गोतावळ्यातली, आणि तिच्यावर सुप्रीमॅटिझमच्या, म्हणजे मालेविचच्या निव्वळ भौमितिक आकारांच्या शैलीच्या, उंबरठ्यावरची एक रंगीत रचना. त्यावर काळा. झाकणं ही माझ्यासाठी उपमा होती, ती त्याने शब्दशः करून ठेवली होती.

काळ्या चौकोनावर आज जाळीसारख्या भेगा आहेत, त्यांतून खालचे रंग डोकावतात. याचं कारण कुठल्याही तैलरंगवाल्याला कळेल. खालचा थर पुरता वाळायच्या आत वरचा चढवला. वरचा आधी आवळतो, खालचा नंतर, आणि वरचा फाटतो. आपण पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतो, खालचा थर पातळ, तेल कमी, वाळू दे, मग वरचा. मालेविचला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल. घाई होती, इतकंच. त्या घाईमुळे आज त्याचं ग्रहण पुन्हा थोडं सुटायला लागलंय.

तारखांबाबत एक सावधगिरी. मालेविच स्वतः काळ्या चौकोनाची तारीख १९१३ सांगे, ऑपेराच्या त्या दुभागलेल्या पडद्याकडे बोट दाखवून. रंगवला तो १९१५ मध्ये. जुन्या चित्रांच्या मागेही त्याने अलीकडे-पलीकडे तारखा घातल्या आहेत. ‘मी आधी केलं’ हा सोस त्या पिढीत सगळ्यांनाच होता. चित्राच्या पाठीवर लिहिलेलं साल दिसलं की लगेच वहीत उतरवू नका.

‘इंग्रज’ ॲमस्टरडॅमला कसा पोचला तेही थोडक्यात. १९२७ मध्ये मालेविच वॉर्सामार्गे बर्लिनला गेला, सत्तरेक कामं घेऊन. प्रदर्शन चालू असतानाच त्याला परतावं लागलं. चित्रं जर्मनीतच राहिली. नंतर नाझी आले, अशा कलेवर बंदी आली, आणि हानोव्हरच्या संग्रहालयाचे प्रमुख डॉर्नर, मग वास्तुरचनाकार ह्यूगो हेरिंग यांनी ती लपवून सांभाळली. १९५८ मध्ये स्टेडेलिकने हेरिंगकडून संग्रह विकत घेतला. वारसांचा दावा पुढे बरीच वर्षं चालला आणि २००८ मध्ये तडजोड होऊन पाच चित्रं त्यांना परत मिळाली. मालेविच स्वतः १९३० मध्ये अटकेत होता, १९३५ मध्ये लेनिनग्राडला (पेट्रोग्राडचंच पुढचं नाव) वारला. अंत्ययात्रेच्या गाडीवर पुढच्या बाजूला काळा चौकोन लावला होता.

तुम्ही शेवटी विचारलंय की यातून सराव कसा करायचा. मी जो देतो तो सांगतो. घरातले पाच-सहा छापील तुकडे घ्या. लग्नपत्रिका, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, एसटीचं तिकीट, किराण्याची यादी, काहीही. फक्त ‘अर्थपूर्ण’ वस्तू आणायच्या नाहीत. घड्याळ, डोळा, तुटलेली साखळी, पिंजरा आणलात की काम बुडालं. तुकडे टेबलावर एकमेकांवर सरकवत राहा. कुठलाही तुकडा पूर्ण दिसता कामा नये आणि कुठलाही पूर्ण लपता कामा नये. मग काहीही न चिकटवता ते बघून रंगवा, पण मापं बदला. तिकीट ताटाएवढं करा, पत्रिका नखाएवढी.

रंगवताना दोन चुका हमखास होतात. मुलं प्रत्येक तुकड्याखाली सावली टाकतात, संगणकावर सवय लागलेली असते म्हणून. सावली टाकली की वस्तू टेबलावर ठेवल्यासारख्या दिसतात, म्हणजे एक जागा, एक उजेड, पुन्हा तोच जुना सूर्य. दुसरी चूक कडेची. दोन तुकडे भेटतात तिथे पुढचा कोण हे ठरवलेलंच नसतं, मग कड मऊ करून वेळ मारून नेली जाते. तिथे दोन्ही बाजूंच्या छटा वेगळ्या करा, गडद-फिकट. रंग बदलून भागत नाही.

आठवडाभराने चित्र झालं की मी प्रत्येकाला काळा घोटीव कागद देतो आणि सांगतो, तुम्हाला हवा तेवढा कापा आणि चित्रावर ठेवा. चिकटवायचा नाही, नुसता ठेवायचा. आठ दिवस घासून केलेल्या कामावर तो ठेवताना हात जड होतो. बहुतेक जण कोपऱ्यात बोटभर पट्टी ठेवतात आणि माझ्याकडे बघतात. मागच्या वर्षी एका मुलीने जवळजवळ कागदभर चौकोन कापला, ठेवला, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, पुन्हा पुढे येऊन तो जरासा डावीकडे सरकवला. उजव्या कडेला तिकिटावरचा एक आकडा बाहेर आला. तो तिने तसाच राहू दिला.